समारंभांसाठी चार्जर भाड्याने देण्याचा जोडधंदा : पहिल्या पेटीपासून दुसऱ्या पेटीपर्यंत

मंगल कार्यालयात दुपारच्या पंगती उठल्या की एक दृश्य हमखास दिसते. व्यासपीठामागच्या भिंतीवर जे दोन-तीन प्लग पॉइंट असतात, त्यांतला एक साउंडवाल्याने आणि उरलेले छायाचित्रकाराने सकाळीच ताब्यात घेतलेले असतात, आणि हातात चार्जर घेतलेला एखादा वऱ्हाडी खुर्च्यांच्या रांगांमधून भिंती न्याहाळत फिरत असतो. परतीचे तिकीट, गाडीचे बुकिंग, पैसे देण्याची सोय आणि सकाळपासून काढलेली छायाचित्रे असे सगळे त्याच्या फोनमध्ये असते आणि फोनची बॅटरी ८ टक्क्यांवर आलेली असते. पाहुण्यांना भरलेल्या पॉवर बँका वापरायला देऊन आणि एका टेबलावर फोन चार्ज करून देऊन ही अडचण दूर करणारा, नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी करता येण्याजोगा आणि साठ-सत्तर हजार रुपयांत उभा राहणारा असा हा जोडधंदा आहे. पुढे दिलेल्या किमती शहरी बाजारपेठेतील अंदाजाच्या आहेत. गाव आणि हंगाम यांनुसार त्या कमी-जास्त होतील.

नवख्या माणसाची पहिली चूक म्हणजे हा वीज पुरवण्याचा धंदा आहे असे समजणे. १०,००० एमएएच क्षमतेच्या ३० पॉवर बँका पूर्ण भरायला साधारण दीड युनिट वीज लागते, म्हणजे घरगुती दराने पंधरा-वीस रुपयांचे काम. आयोजक पैसे मोजतो ते वस्तू वेळेवर आणून, पाहुण्यांच्या हाती देऊन, कोणाला त्रास न होता पुन्हा गोळा करण्याचे, आणि आपला नफा उरतो तो दिलेला प्रत्येक नग परत येण्यावर. खरेदी, दर, टेबलाची जागा, नोंदवही असा पुढचा प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर घ्यावा.

पायरी १ : भाडे कोणाकडून घ्यायचे ते ठरवावे

पाहुण्याकडून तासाला वीस-तीस रुपये घेण्याची कल्पना कागदावर आकर्षक दिसते, परंतु प्रत्यक्षात ती फार थोड्या ठिकाणी चालते. लग्नाला आलेल्या पाहुण्याकडे पैसे मागणे यजमानाला कमीपणाचे वाटते. परिषदेच्या प्रतिनिधीने आधीच शुल्क भरलेले असते, आणि संगीत महोत्सवाच्या गर्दीत सुट्टे व्यवहार करण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दहा नग देऊन होतात. म्हणून भाडे एकरकमी आयोजकाकडून घ्यावे आणि पाहुण्यांना सेवा विनामूल्य द्यावी. लग्नात हा आयोजक म्हणजे वधू-वरांचे घर, परिषदेत संयोजन समिती आणि मोठ्या खुल्या कार्यक्रमात प्रायोजक असतो. प्रायोजकाला तर पॉवर बँकेवर आणि टेबलावर आपले नाव दिसण्यातच रस असतो, त्यामुळे तिथे दरही बरा मिळतो.

आषाढी वारीच्या मार्गावर अनेक ठिकाणी मंडळे आणि संस्था वारकऱ्यांचे फोन विनामूल्य चार्ज करून देतात. तिथे भाड्याची गोष्ट काढणेही शोभणार नाही. मात्र ज्या संस्थेला अशी सेवा द्यायची आहे पण सामान नाही, तिला आपले संच खर्चापुरत्या रकमेत देता येतात, आणि एका दिवसात शेकडो फोन हाताळण्याचा जो सराव तिथे होतो तो दुसरीकडे होणार नाही.

पायरी २ : कोणती कामे घ्यावीत आणि कोणती सोडावीत

सुरुवातीला बंदिस्त जागेतली, एकाच दरवाजाची आणि दीडशे ते पाचशे माणसांची कामे घ्यावीत. लग्न, साखरपुडा, संस्थेची वार्षिक परिषद, डॉक्टरांचे किंवा अभियंत्यांचे अधिवेशन, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, दोन दिवसांची कार्यशाळा ही सगळी अशा प्रकारची कामे होत. त्यांतही परिषद हे सर्वांत सोयीचे काम आहे, कारण प्रत्येकाच्या गळ्यात नावाचा बिल्ला असतो, उपस्थितांची यादी आयोजकाकडे असते आणि माणसे दिवसभर त्याच सभागृहात असतात. लग्नात पाहुणा जेवला की निघतो आणि त्याच्या खिशातली पॉवर बँकही त्याच्याबरोबर कोल्हापूरला जाते.

मैदानावरचे महोत्सव, मॅरेथॉन, गणेशोत्सवातील मोठ्या मंडळांचे कार्यक्रम ही कामे पहिल्या वर्षी टाळावीत असे माझे मत आहे. पुण्यातले डिसेंबरमधले संगीत आणि पुस्तकांचे महोत्सव, किंवा पणजीत नोव्हेंबरमध्ये भरणारा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पाहिला की हात शिवशिवतात, परंतु तिथे येण्या-जाण्याचे दरवाजे अनेक असतात, कामाचे तास लांबतात आणि आयोजक बहुधा मोठ्या एजन्सीमार्फत काम देतात, ज्यांचे पैसे दोन-तीन महिन्यांनी हाती पडतात. छोट्या भांडवलाला ही उधारी झेपत नाही.

हंगामाचा अंदाजही आधीच घ्यावा. तुळशीचे लग्न झाले की लग्नांचे मुहूर्त सुरू होतात आणि ते आषाढापर्यंत चालतात. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलने आणि परिषदा यांची त्यात भर पडते. चातुर्मासात लग्ने जवळजवळ थांबतात, तेव्हा कार्यालयीन बैठका आणि प्रशिक्षण वर्ग यांवर भागवावे लागते. म्हणून खरेदी दिवाळीच्या आधी करावी, ऐन पावसाळ्यात करू नये.

पायरी ३ : खरेदी

क्षमतेचे गणित नीट समजून घेतले की पुढचे पुष्कळ चुकीचे खर्च वाचतात. पॉवर बँकेवर लिहिलेला १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलचा, म्हणजे साधारण ३.७ व्होल्टवरचा असतो. त्याची ऊर्जा ३७ वॉट-तास होते. ही वीज ५ किंवा ९ व्होल्टवर चढवून फोनला देताना काही भाग उष्णतेत जातो, त्यामुळे हाती ३० वॉट-तासांच्या आसपास येतात. आजच्या ५,००० एमएएच बॅटरीच्या फोनला सुमारे १९ वॉट-तास लागतात. म्हणजे दुकानदार सांगतो तसा फोन दोनदा भरत नाही. एकदा पूर्ण भरून वर थोडी वीज उरते. मात्र समारंभात कोणीही फोन शून्यापासून शंभरापर्यंत भरत बसत नाही. वीस टक्क्यांवरून साठ-सत्तरवर आला की पाहुणा समाधानाने नग परत करतो, आणि त्या हिशेबाने एक पॉवर बँक मध्ये न भरताही दोन ते तीन जणांना पुरते.

२०,००० एमएएचचा मोह टाळावा. तो नग जड असतो, भरायला दुप्पट वेळ घेतो, आणि हरवला तर नुकसानही मोठे होते. पाहुण्याच्या खिशात मावेल असा १०,००० एमएएचचा, किमान २० वॉट देणारा, टाइप-सीने भरता येणारा आणि त्याच तोंडाने वीज देणारा नग निवडावा. असा नग १,००० ते १,५०० रुपयांना मिळतो.

पॉवर बँक आणि अडॅप्टर या दोन्ही वस्तूंना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ या अक्षरापुढे आठ अंकी क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव आणि नोंदणी चालू आहे की नाही ते कळते. घाऊक बाजारात चारशे रुपयांना मिळणारी, वजनाला हलकी आणि आकड्याला भारी अशी पॉवर बँक घेण्यापूर्वी दुकानातच उभे राहून हा क्रमांक तपासावा. वस्तू आपल्या घरात वापरायची नसून तीनशे अनोळखी माणसांच्या हाती द्यायची आहे, हे त्या वेळी लक्षात असू द्यावे. सर्व नग एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे घेतले तर भरण्याची वेळ सारखी राहते आणि मोजणे सोपे जाते.

या धंद्यात सर्वांत जास्त तुटणारी आणि सर्वांत जास्त हरवणारी वस्तू म्हणजे केबल. ॲपलने सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ पासून टाइप-सी स्वीकारले, परंतु त्याआधीचे लाइटनिंगवाले आयफोन अजून पुष्कळांच्या हातात आहेत, आणि साधा फोन वापरणाऱ्या एखाद्या आजोबांना मायक्रो यूएसबी लागते. चाळीस केबलांमध्ये अठ्ठावीस टाइप-सी, आठ लाइटनिंग आणि चार मायक्रो असे प्रमाण ठेवावे आणि पहिल्या पाच-सहा कामांच्या अनुभवावरून ते बदलावे. एकाच दोरीला तीन तोंडे असलेली केबल सोयीची वाटते, परंतु तिचे एक तोंड सैल झाले की सारी केबल बाद होते आणि बहुतेक वेळा ती फोन संथ भरते, म्हणून मी ती घेत नाही. केबलची लांबी पॉवर बँकेसाठी वीत-दीड वीत पुरे. टेबलावरच्या चार्जरसाठी मात्र मीटरभर लांबीची घ्यावी.

अनोळखी चार्जिंग पोर्टमधून फोनमधली माहिती चोरली जाण्याच्या धोक्याबद्दल रिझर्व्ह बँकेनेही आपल्या जनजागृती पुस्तिकेत सावध केले आहे, त्यामुळे परिषदेत हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. टेबलावर संगणक किंवा स्मार्ट टीव्हीचे पोर्ट न वापरता साधे अडॅप्टरच लावावेत आणि शक्य तिथे केवळ चार्जिंगपुरत्या, माहितीच्या तारा नसलेल्या केबल ठेवाव्यात. टाइप-सी ते टाइप-सी केबलमध्ये किती वीज द्यायची याची बोलणी वेगळ्या तारेवरून होतात, म्हणून अशी केबल माहितीच्या तारांशिवायही जलद चार्ज करू शकते. जुन्या चौकोनी तोंडाच्या केबलमधून त्या तारा काढल्या की मात्र अनेक फोन संथ गतीने भरतात. ‘माझ्या फोनचे फास्ट चार्जिंग का दिसत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते.

याशिवाय चार-पाच तोंडांचे ६५ वॉटचे अडॅप्टर पाच नग घ्यावेत. त्यांवर दिवसा टेबल चालते आणि रात्री घरी पॉवर बँका भरता येतात. आयएसआय चिन्हाचे, जाड वायरचे एक्स्टेंशन बोर्ड, चाके असलेली एक पेटी आणि विजेचा दाब मोजणारा एक मल्टिमीटर एवढे झाले की सामान पुरे झाले. माझा अंदाज असा : पॉवर बँका ३० नगांचे ३६,००० रुपये, केबल ४० नगांचे ८,०००, अडॅप्टरचे १०,०००, चार बोर्डांचे ३,६००, पेटीचे ३,००० आणि मल्टिमीटर, बिल्ले, छपाई वगैरे २,४००, एकूण ६३,००० रुपये. हे भांडवल कर्ज काढून उभे करू नये. तेवढी शिल्लक नसेल तर पंधरा नगांनी सुरुवात केली तरी चालते.

पायरी ४ : प्रत्येक नगाला नाव आणि घर

पेटीत फोमचे कप्पे करून घ्यावेत आणि कप्प्यांना १ ते ३० असे क्रमांक द्यावेत. तेच क्रमांक पॉवर बँकेवर, तिच्या केबलवर आणि नोंदवहीच्या ओळीवर असावेत. काम संपल्यावर पेटी उघडली की कोणता कप्पा रिकामा आहे ते मोजल्याशिवाय दिसले पाहिजे. केबल छोट्या रबरी पट्ट्याने पॉवर बँकेलाच अडकवून ठेवली तर ती सुटी फिरत नाही. पॉवर बँकेचा रंग काळा किंवा पांढरा असला तर तिच्यावर भडक पिवळी किंवा केशरी पट्टी गुंडाळावी. घरच्या पॉवर बँकेसारखी न दिसणारी वस्तू चुकून पिशवीत जात नाही. क्रमांकाच्या स्टिकरवर आपला फोन क्रमांक आणि ‘टेबलावर परत द्यावी’ एवढे तीन शब्द छापावेत. पाहुण्याच्या पिशवीतून घरी गेलेले नगही या स्टिकरमुळे पुष्कळदा परत येतात. लोक मुद्दाम नेत नाहीत, विसरतात.

पायरी ५ : कागदपत्रे

हा भाग नवख्यांना वाटतो तेवढा अवघड नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा व्यवसाय म्हणून सरकारदरबारी होणारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नसतात. सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर महाराष्ट्रात आणि गोव्यात जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, मात्र त्याच पॅनवर दुसरा काही व्यवसाय असेल तर त्याची उलाढालही यात धरली जाते. कामगार ठेवून गाळा घेतला तर दुकाने व आस्थापना कायद्याखालची ऑनलाइन पूर्तताही करावी लागते. धंद्यासाठी वेगळे बँक खाते आणि वेगळा क्यूआर कोड ठेवावा. वर्षअखेरीस जी मिळकत होईल ती प्राप्तिकर विवरणपत्रात व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवावी लागते आणि त्यामुळे नोकरदाराच्या नेहमीच्या विवरणपत्राचा नमुनाही बदलतो. नोकरी करणाऱ्याने आपल्या नेमणुकीच्या अटी वाचाव्यात. सरकारी कर्मचाऱ्याला तर पूर्वपरवानगीशिवाय असा धंदा करता येत नाही, म्हणून अनेक घरांत तो पत्नीच्या किंवा भावाच्या नावे सुरू होतो. तसे असेल तर कामही त्याच व्यक्तीने पाहावे, केवळ नाव वापरू नये.

पायरी ६ : दर, इसार आणि हरवलेला नग

दर ठरवताना नगामागे भाडे सांगण्यापेक्षा संचाचे भाडे सांगावे. नगाचा दर सांगितला की ग्राहक लगेच बाजारातल्या किमतीशी तुलना करतो आणि ‘एवढ्यात तर विकतच घेऊ’ म्हणतो. तीस पॉवर बँका, एक चार्जिंग टेबल, आठ तास आणि सोबत एक माणूस असा एक संच, त्याचे ४,५०० रुपये आणि गावाबाहेर वाहतूक वेगळी, अशी मांडणी समजायला सोपी जाते. त्यातून वाहतुकीचे ६००, मदतनीसाचे ७०० आणि झीज-हरवणूक यांसाठी ५०० रुपये बाजूला काढले तर २,७०० रुपये उरतात. या हिशेबाने ६३,००० रुपयांचे भांडवल तेवीस-चोवीस कामांत सुटते. महिन्याला दोन कामे मिळाली तर एक वर्ष लागेल. याहून लवकर पैसे सुटतील असे सांगणाऱ्याने बहुधा स्वतःच्या रविवारांची किंमत धरलेली नसते.

वीज-बॅटरीची झीज मात्र वाटते तेवढी नसते. लिथियम सेल काही शे वेळा भरल्यानंतर हळूहळू क्षमता गमावतात, आणि वर्षाला तीस-चाळीस कामांच्या वापरात तेवढा आकडा गाठायला कित्येक वर्षे जातील. त्याआधी सेल नुसत्या वयाने जुने होतात आणि तोंडे सैल पडतात. दर तीन वर्षांनी सगळे नग बदलावे लागतील असे गृहीत धरून हिशेब करावा.

तारीख नक्की करताना निम्मी रक्कम इसार म्हणून घ्यावी आणि उरलेली सामान उतरवल्यावर, कार्य सुरू होण्यापूर्वी घ्यावी. कार्य उरकल्यावर यजमान थकलेला असतो, मुलीची पाठवणी चालू असते आणि त्या वेळी बिल पुढे करणे कोणालाच बरे वाटत नाही. मी एकदा ओळखीच्या घरचे कार्य म्हणून इसार मागितला नाही आणि मुहूर्त पुढे गेल्याचे मला आदल्या रात्री कळले. तेव्हापासून ओळख कितीही जवळची असली तरी एक पानाचा करार करतो. त्या पानावर तारीख, वेळ, नगांची संख्या, जागा, विजेची सोय कोणाची, रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल आणि हरवलेल्या नगाची भरपाई किती, एवढे असले म्हणजे झाले. भरपाईबाबत माझा नियम असा आहे की संचातला एक नग गेला तर तो माझ्या खाती, दुसऱ्यापासून पुढे प्रत्येकी ठरलेली रक्कम यजमानाने द्यावी. सगळे नुकसान यजमानावर टाकले तर तो पाहुण्यांना नग देऊच नका म्हणतो आणि पेटी दिवसभर बंद राहते.

पायरी ७ : पहिली कामे मिळवणे

जाहिरातीपेक्षा मंडपवाले, डेकोरेटर, मंगल कार्यालयांचे व्यवस्थापक आणि लग्नाचे छायाचित्रकार यांच्याकडे आधी जावे. हे लोक दर आठवड्याला यजमानांना भेटतात आणि त्यांच्या यादीत एक ओळ वाढवणे त्यांना जड नसते. त्यांना दहा-पंधरा टक्के कमिशन उघडपणे द्यावे. छायाचित्रकाराला तर त्याच्या बॅटऱ्या भरायला आपल्या बोर्डावरचे एक तोंड कायमचे राखून ठेवावे. हा खर्च शून्य रुपयांचा आहे आणि त्याने मिळणारी कामे मोजण्यासारखी आहेत. ओळखीच्या घरी पहिले काम करताना फुकट देऊ नये. नाममात्र का होईना भाडे घ्यावे, कारण फुकट आलेल्या वस्तूची यजमान दखल घेत नाही आणि आपल्यालाही पूर्ण तालीम मिळत नाही.

पायरी ८ : जागा पाहणे आणि वीज तपासणे

कामाच्या आठवडाभर आधी जागेवर जाऊन यावे. घरातला साधा ६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर साधारण १,३८० वॉट झेपवतो आणि मोठा १६ अँपिअरचा ३,६८० वॉट. आपले पाच अडॅप्टर एकाच वेळी पूर्ण जोराने चालले तरी ३२५ वॉटच होतात, म्हणजे आपला भार किरकोळ आहे. प्रश्न असतो तो त्याच वायरीवर कॉफीचे यंत्र किंवा इडलीचा विजेवरचा कुकर बसला आहे का, हा. केटररचा बोर्ड आणि आपला बोर्ड वेगळ्या सर्किटवर हवा, एवढे व्यवस्थापकाकडून कबूल करून घ्यावे.

मैदानावरच्या मंडपात याहून मोठा धोका असतो. तिथली तात्पुरती जोडणी तीन फेजची असते आणि घाईत जोडलेली न्यूट्रलची तार सैल झाली किंवा सुटली तर काही प्लगांवर २३० व्होल्टऐवजी ३०० ते ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. बहुतेक अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टसाठी बनवलेले असतात, ते अशा वेळी जळतात आणि सोबत पाहुण्याच्या फोनचीही हमी राहत नाही. म्हणून मल्टिमीटरने दाब मोजल्याशिवाय मंडपात एकही अडॅप्टर लावू नये, आणि जनरेटरवर बदल झाला की पुन्हा मोजावा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, जोडणीत आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनला विचारावे. नसेल तर आपल्या बोर्डात बसवून घ्यावा. अर्थिंग नसलेल्या प्लगवर काम करू नये, मग यजमान कितीही घाई करो.

पायरी ९ : कार्याच्या दिवशी

टेबल दरवाजाजवळ, पण वाटेत नाही असे ठेवावे. पाहुणा येताना त्याला ते दिसले पाहिजे आणि जाताना ते ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येऊ नये. नग परत येण्याचे अर्धे काम ही एक गोष्ट करते. जेवणाच्या हॉलमध्ये टेबल लावणे सोयीचे वाटते, परंतु हात धुऊन माणूस तिथून थेट बाहेर जातो.

नग देताना क्रमांक, नाव आणि फोन क्रमांक एवढेच लिहून घ्यावे. आधार कार्ड किंवा वाहन परवाना ठेवून घेण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती अवलंबू नये. ते कागद सांभाळण्याची जबाबदारी एका पॉवर बँकेपेक्षा कितीतरी मोठी आहे. परिषदेत बिल्ल्यावरचा क्रमांक पुरतो. लिहून घेतलेले फोन क्रमांक काम संपल्यावर फाडून टाकावेत आणि त्यावर पुढे जाहिरातीचे संदेश पाठवू नयेत, कारण ते क्रमांक आपल्याला त्या कामापुरतेच मिळालेले असतात. तासाभराने एक साधा संदेश पाठवला, ‘आपली पॉवर बँक क्र. १४ निघताना प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर द्यावी’, की बहुतेकांना आठवण राहते. लग्नात हेच काम सूत्रसंचालकाकडून करून घ्यावे. मंगलाष्टकांच्या आधी एकदा आणि पंगतीच्या वेळी एकदा.

टेबलावर थेट फोन लावणाऱ्यांना क्रमांकाचा बिल्ला द्यावा आणि बिल्ल्याशिवाय फोन परत देऊ नये, मग समोर वधूचे मामा असले तरीही. सारखे दिसणारे दोन काळे फोन अदलाबदल झाले तर त्या दिवसाची सगळी मेहनत वाया जाते. फोन घेताना त्याची काच फुटलेली असेल तर ती मालकाला दाखवून वहीत एक खूण करावी. ‘फोन टेबलावर ठेवणे मालकाच्या जबाबदारीवर’ अशी पाटी लावावी, पण तिच्यावर विसंबून टेबल सोडून जेवायला जाऊ नये. दोघे जण असतील तर एकाने नेहमी टेबलावर राहावे, आणि एकटे असाल तर थेट फोन घेण्याची सेवा देऊच नये, केवळ पॉवर बँका द्याव्यात.

दोनशे पाहुण्यांच्या लग्नाला दहा-बारा पॉवर बँका पुरतात असा माझा अनुभव आहे. दिवसभराच्या परिषदेला मात्र त्याच संख्येसाठी वीस लागतात, कारण तिथे लोक सत्रे चालू असतानाही फोन वापरतात आणि लॅपटॉपवालेही येऊन विचारतात. लॅपटॉपसाठी ६५ वॉटची दोन तोंडे टेबलावर राखावीत. लॅपटॉपसाठी पॉवर बँक देण्याच्या भानगडीत पडू नये.

उष्णता आणि आग

लिथियम सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर भरू नयेत. मे महिन्यात नागपूर, अकोला, जळगाव या भागांत पारा तिथपर्यंत जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तर तो केव्हाच ओलांडला जातो. पेटी गाडीत ठेवून जेवायला जाऊ नये. टेबलावर सॅटिनचे कापड आणि त्याखाली गादी असा थाट डेकोरेटर करून देतो. त्यावर चार्जर ठेवू नयेत, वर पातळ लाकडी फळी किंवा टाइल ठेवावी. फुगलेला, वास येणारा किंवा हाताला चटका बसेल इतका तापलेला नग तत्काळ बाजूला काढावा, तो पुन्हा भरून पाहण्याचा मोह धरू नये. पॉवर बँकेने पेट घेतलाच तर आधी माणसे दूर करावीत, जवळची विजेची जोडणी बंद करावी आणि मग नगावर भरपूर पाणी ओतून तो थंड होऊ द्यावा, कारण वरची ज्वाळा विझली तरी आतले शेजारचे सेल तापून पुन्हा पेटू शकतात. टेबलाखाली पाण्याची भरलेली बादली ठेवली तर ती लोकांना विचित्र दिसते, पण मी ती ठेवतो.

घरी नग भरतानाही हेच नियम आहेत. फरशीवर, मोकळ्या हवेत आणि जागे असताना भरावेत. २० वॉटच्या अडॅप्टरवर एक नग अडीच-तीन तासांत भरतो, म्हणून शनिवारच्या कामासाठी शुक्रवारी संध्याकाळी दोन फेऱ्या करता येतात. पलंगाखाली रात्रभर तीस नग लावून झोपू नये.

काम संपल्यावर

त्याच रात्री, कितीही दमलेले असलो तरी, तीन गोष्टी कराव्यात : रिकामे कप्पे पाहून ज्यांच्याकडे नग राहिला त्यांना नम्र संदेश पाठवावा, प्रत्येक केबल एकदा लावून पाहावी, आणि नग कोरड्या फडक्याने पुसावेत, कारण लग्नातल्या प्रत्येक पॉवर बँकेला गुलाबजामाचा पाक लागलेला असतो. परत आलेला नग लगेच पूर्ण भरून ठेवू नये. पुढचे काम दोन आठवड्यांनी असेल तर तो अर्धा भरलेला ठेवलेला सेलला मानवतो. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, महिन्यातून एकदा नग तपासावेत आणि तोंडांवरचा हिरवट थर मऊ ब्रशने काढावा.

बाद झालेले नग कचऱ्याच्या गाडीत टाकू नयेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ आणि ई-कचरा नियम २०२२ यांनुसार ते नोंदणीकृत संकलकाकडे किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवेत. देण्यापूर्वी तोंडांवर चिकटपट्टी लावावी आणि नग एकमेकांवर न रचता वेगवेगळे गुंडाळावेत.

दुसरी पेटी कधी घ्यायची, हा प्रश्न साधारण पहिल्या माघ-फाल्गुनात पडतो. एकाच मुहूर्तावर दोन यजमानांचे फोन येतात आणि एकाला नाही म्हणावे लागते, तेव्हा ताबडतोब खरेदीला निघावेसे वाटते. वहीच्या शेवटच्या पानावर नाकारलेल्या कामांची तारखेसह नोंद ठेवावी. एका हंगामात अशा सहा-सात नोंदी झाल्या आणि त्या दिवशी टेबलावर बसायला विश्वासाचा दुसरा माणूस मिळाला, तरच दुसरी पेटी घ्यावी. माणूस मिळाला नसेल तर पेटी घेऊ नये. त्या तारखांना दुसऱ्या गावातल्या अशाच एखाद्या व्यावसायिकाचा संच भाड्याने आणून काम पार पाडावे.